दळण कुणाचं, गहू कुणाचा?

२०२३च्या ऑगस्टमध्ये स्लोव्हेनियात मोठा पूर आला. सविन्या नावाची डोंगरी नदी पात्र सोडून ल्युबनो गावातल्या एका कारखान्यात घुसली. तिथे मोटारीचं एक दातेरी कडं बनतं. गाडीची चावी फिरवली की स्टार्टरचा दाता ज्या कड्यात अडकतो आणि इंजिनाला पहिला हिसका देतो, ते कडं. आपले गॅरेजवाले त्याला रिंग गियर म्हणतात. पुरामुळे काम बंद पडलं, आणि सप्टेंबरात सुमारे दोन हजार किलोमीटर लांब, पोर्तुगालमधल्या पाल्मेला इथला फोक्सवॅगनचा कारखाना काही आठवडे बंद ठेवावा लागला. इंजिन होतं, पत्रा होता, कामगार होते, फक्त कडं नव्हतं.

आज मी स्लोव्हेनियाच्या परदेशी व्यापाराबद्दल बोलणार आहे. छोटा कारखाना चालवणारे, निर्यातीचा विचार करणारे, किंवा वर्तमानपत्रात 'निर्यात वाढली' असं वाचून नक्की काय वाढलं ते न कळणारे, अशा सगळ्यांसाठी हे बोलणं आहे.

देश केवढासा, तर लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या नागपूर शहराहून कमी. क्षेत्रफळ आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडं जास्त. २५ जून १९९१ रोजी तो युगोस्लाव्हियातून वेगळा झाला, २००४ मध्ये युरोपीय संघात गेला आणि १ जानेवारी २००७ पासून तिथे युरो चालू लागला. त्याची वस्तू आणि सेवांची निर्यात त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास असते. आपल्याकडे हे प्रमाण वीस-बावीस टक्के. पण या आकड्याने लगेच भारावून जाऊ नका. घर लहान असलं की चार भांडी सुद्धा अंगणात ठेवावी लागतात. लहान देशाला स्वतःची बाजारपेठच पुरत नाही, म्हणून हे प्रमाण तिथे मोठंच दिसतं.

आकड्यांचा दुसरा चकवा जास्त गमतीचा आहे. गेल्या काही वर्षांत स्लोव्हेनियाचा स्वित्झर्लंडशी व्यापार एकदम फुगला. स्वित्झर्लंड बड्या गिऱ्हाइकांच्या रांगेत पुढे आला. झालं होतं असं, की औषधं स्वित्झर्लंडहून येत होती, त्यांच्यावर काही काम होत होतं आणि ती परत जात होती. सीमा ओलांडली की आयातीत नोंद, परत ओलांडली की निर्यातीत नोंद. माल मात्र मूळ मालकाचाच. आता आपल्या गल्लीतला गिरणीवाला आठवा. दिवसभरात त्याच्या दारातून दहा पोती गहू आत जातो आणि दहा पोती पीठ बाहेर येतं. ते सगळं पीठ त्याची विक्री म्हणून धरलं, तर तो शहरातला मोठा व्यापारी ठरेल. त्याच्या गल्ल्यात पडतात ते दळणाचे पैसे. म्हणून कुठल्याही देशाच्या निर्यातीचा आकडा वाचला की पहिला प्रश्न हाच: गहू कुणाचा?

दुसरा प्रश्न मालाच्या जातीचा. हार्वर्डचे रिकार्दो हाउसमान आणि सेझार हिदाल्गो या दोघांनी २००९ मध्ये आर्थिक गुंतागुंत मोजण्याची एक रीत मांडली. ती अशी: देश किती प्रकारचा माल विकतो ते पाहा, आणि तोच माल आणखी किती देशांना जमतो तेही पाहा. दोन्ही एकत्र पाहायचं, नाहीतर फसाल. कच्चे हिरे फार थोडे देश विकतात, पण म्हणून हिऱ्यांवर जगणारा देश गुंतागुंतीचा ठरत नाही, कारण हिऱ्यांपलीकडे त्याच्या टोपलीत फारसं काही नसतं. स्लोव्हेनियाची टोपली पाहा: औषधं, मोटारगाड्या आणि त्यांचे भाग, यंत्रांतल्या विजेच्या मोटारी, घरगुती यंत्रं, मोटरसायकलचे एक्झॉस्ट, बर्फावरच्या स्की, लहान विमानं. या मोजणीत तो जगातल्या पहिल्या पंधरा देशांमध्ये असतो, आपल्याहून बराच पुढे.

हे सगळं बनवण्याचं कसब आलं कुठून? याचं उत्तर मला इद्रिया या गावात सापडतं, म्हणून तिथे थोडं थांबतो. खोल दरीतलं हे गाव. १४९० मध्ये तिथे पारा सापडला आणि पुढे पाच शतकं खाण चालली. स्पेनमधल्या अल्मादेनच्या खालोखाल जगातली मोठी पाऱ्याची खाण ती. खाणीसाठी पंप, पाणचक्क्या, मोजमापं, दुरुस्त्या. गावात हुन्नर साठत गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाऱ्याची मागणी आटली आणि खाण बंद करावी लागली. पण त्याआधीच, १९६३ मध्ये, तिथे 'कोलेक्टर' नावाचा कारखाना निघाला होता. तो बनवतो कम्युटेटर. मिक्सरचा कार्बन घासला की दुकानदार मोटर उघडतो. आतल्या आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा जो गोल असतो, ज्यावर कार्बन घासतो, तोच तो. गावात काही हजार लोक, आणि तिथली कंपनी कम्युटेटर बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक. तिथून जवळच झेलेझनिकी, नावातच लोखंड असलेलं जुनं लोहारकामाचं गाव. आज तिथे व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारी बनतात.

माझ्याकडे सल्ल्याला येणारे उद्योजक बहुतेक वेळा विचारतात, 'सध्या कशाला मागणी आहे?' मी उलटं विचारतो, तुमच्या कारागिरांना आज जे जमतं, त्याच्या शेजारी काय बसतं? इद्रियाने पारा सोडून केशर लावलं नाही.

आयदोवश्चिना गावातली पिपिस्ट्रेल कंपनीही अशीच शेजारच्या पायरीने चढली. इवो बोस्कारोल यांनी हलक्या उडत्या साधनांपासून सुरुवात केली. जून २०२० मध्ये त्यांच्या वेलिस इलेक्ट्रोला युरोपातल्या विमान-सुरक्षा संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं, आणि विजेवर उडणारं ते जगातलं पहिलं प्रमाणित विमान ठरलं. आपल्या हवाई दलासाठी, नौदलासाठी आणि एनसीसीसाठी २०१५ मध्ये त्यांच्याच १९४ विमानांचा करार झाला होता. म्हणजे एनसीसीचा एखादा कॅडेट पहिल्यांदा हवेत गेला, तर स्लोव्हेनियाच्या निर्यातीत बसून गेला असण्याची शक्यता बरीच.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. पिपिस्ट्रेल २०२२ मध्ये अमेरिकी टेक्स्ट्रॉनने घेतली. गोरेन्ये ही वॉशिंग मशिन-फ्रिजवाली कंपनी २०१८ मध्ये चिनी हायसेन्सकडे गेली. लेक ही औषध कंपनी तर २००२ मध्येच नोव्हार्टिसने घेतली. हुन्नर गावात राहिला, मालकी बाहेर गेली. गुंतागुंतीचा निर्देशांक हे सांगत नाही. तो हातातली कला मोजतो, नफा कुणाच्या खिशात जातो ते मोजत नाही. मला स्वतःला हा त्याचा मोठा दोष वाटतो.

आता निर्यातदारांसाठी कामाची गोष्ट. युरोपला माल म्हणजे रॉटरडॅम किंवा हॅम्बर्ग, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. गिऱ्हाईक ऑस्ट्रियात, हंगेरीत किंवा दक्षिण जर्मनीत असेल, तर कोपेर बंदराचाही दर मागवा. स्लोव्हेनियाला समुद्रकिनारा जेमतेम शेहेचाळीस-सत्तेचाळीस किलोमीटर, त्यावर हे एकच मोठं व्यापारी बंदर. पण ऑस्ट्रियाचा पुष्कळ माल तिथूनच जातो. सुएझमार्गे न्हावाशेवाहून तिथला समुद्रप्रवास उत्तरेकडच्या बंदरांपेक्षा काही दिवसांनी कमी. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा हे गणित उलटलं. म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. तुमच्या फॉरवर्डरला त्या आठवड्याचे दोन्ही दर आणि दोन्हीचे दिवस विचारा.

आणि तुमच्या बिलावर मालाच्या वर्गीकरणाचा जो एचएस कोड असतो, त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखेच असतात. ते घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-नोंदींत किंवा हार्वर्डच्या फुकट उपलब्ध असलेल्या ॲटलासमध्ये शोधा. तुमचा माल कोण विकतो, कोण घेतो, आणि तो विकणारे देश सोबत आणखी काय विकतात, हे एका संध्याकाळीत दिसेल. कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा घरात असेल तर त्यांच्याकडूनच करून घ्या, लवकर होईल.

पाल्मेलाचं काय झालं, ते राहिलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो कारखाना पुन्हा चालू झाला. कडं दुसऱ्या पुरवठादारांकडून मिळवलं होतं.