मोबाईलचा लाइट पुरत नाही तेव्हा: ड्यूटीसाठी छोटी टॉर्च कशी निवडायची?

कानात हेडफोन घालून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि बसमध्ये आवाज बंद ठेवून हे वाचणाऱ्यांनाही. आजचा विषय आहे टॉर्च. काही जण लगेच म्हणतील, त्यावर काय बोलायचं, मोबाईलमध्ये असतेच की! मीही हेच म्हणायचो.

मी अँब्युलन्सवर काम करतो, बहुतेक वेळा नाइटला. आमचा भाग चिपळूणकडचा, कुंभार्ली घाटाखालचा. दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री दीडच्या सुमाराला कॉल आला. घाटात मोटरसायकल घसरून दोन मुलं पडली होती. एक रस्त्यावर बसलेला, दुसरा कठड्याखाली झाडीत कुठेतरी. पाऊस धो-धो.

माझ्याकडे तेव्हा ऑनलाइन घेतलेली साडेतीनशेची टॉर्च होती. डब्यावर आकडे हे एवढाले, पुढे सरकवली की झूम वगैरे. दहा मिनिटांत काचेच्या आत पाणी गेलं आणि ती मिणमिणायला लागली. मग मोबाईलचा लाइट लावला. पाच-सात पावलांपलीकडे नुसत्या पावसाच्या रेघा दिसत होत्या. एक हात मोबाईल धरण्यात अडकलेला, ओल्या स्क्रीनवर बोट चालेना, आणि चार्जिंग राहिलं १२ टक्के. त्याच फोनवरून हॉस्पिटलला कळवायचं होतं.

शेवटी मागून आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने त्याची बॅटरी दिली. आमच्याकडे टॉर्चला अजून बॅटरीच म्हणतात. ती घेऊन उतरलो आणि मुलगा सापडला. वाचला तो, आज कामावर जातो. पण ज्या झुडपात तो पडला होता, त्याच्या बाजूने मी आधी दोनदा गेलो होतो. हे मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून टॉर्च घेताना मी काय बघतो, ते सांगतो.

पहिली गोष्ट, ल्युमेनच्या आकड्याला भुलू नका. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती लांब जाईल हे कॅन्डेलावर ठरतं. उजेड सगळीकडे पसरला तर जवळचं छान दिसतं, दरीतलं दिसत नाही. हिशेब सोपा आहे: कॅन्डेलाचं वर्गमूळ काढा, दोनने गुणा, मीटर मिळतात. १०,००० कॅन्डेला म्हणजे २०० मीटर. पण तिथे पोचणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच असतो, बरं का. मोजायची पद्धतच तशी आहे. म्हणून २०० मीटर लिहिलं असेल, तर माणूस नीट ओळखू येईल असं अंतर मी त्याच्या निम्म्याहून कमी धरतो.

दुसरी गोष्ट, वेळ. एफएल-वन नावाचं एक मापन आहे, चांगल्या कंपन्या ते पाळतात. त्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे डब्यावर ‘१००० ल्युमेन, ३ तास’ लिहिलं असलं, तरी तीन तास हजार ल्युमेन मिळतील असं नाही. बोटभर लांबीची टॉर्च टर्बोवर एक-दोन मिनिटांत तापते आणि स्वतःच उजेड कमी करते. हा बिघाड नाही, तिचा जीव वाचवायची सोय आहे. तुम्ही बघायचा तो मधला मोड. दोनशे-तीनशे ल्युमेन दोन तास टिकतात का? ड्यूटी त्यावर चालते.

तिसरी गोष्ट, सेल. १८६५० नावाचा लिथियम सेल बहुतेकांना माहीत असेल. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्यात चांगल्यात चांगली क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास. त्याच मापाच्या सेलवर ९९०० छापलेलं दिसलं, तर दुकानदाराला नमस्कार करा आणि पुढे चला. टॉर्चला टाइप-सी चार्जिंग हवं आणि सेल बाहेरही काढता यायला हवा. दोन्ही. घाटात चार्जर कुठून आणणार? दुसरा सेल मात्र खिशात असू शकतो. तो प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. किल्ल्या आणि नाण्यांबरोबर सुटा ठेवलात तर शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. आणि घरी ड्रॉवरमध्ये वर्षभर पडून राहणाऱ्या टॉर्चमध्ये साधे अल्कलाइन सेल घालून ठेवू नका. ते गळतात, आणि नेमकी गरज पडते तेव्हा आत हिरवट-पांढरी बुरशी निघते.

चौथी गोष्ट, बटण. दुकानात हे कोणी बघत नाही. हातमोजा घालून, ओल्या हाताने, न बघता दाबता येतं का? एकदा दाबलं की सरळ उजेड यायला हवा. कमी-जास्त-मध्यम करत शेवटी लुकलुक सुरू होणारी टॉर्च ड्यूटीला नको. जखमी माणसासमोर एकदा ती लुकलुक सुरू झाली की कळतं! खिशात चुकून चालू होऊ नये म्हणून लॉक हवा. बऱ्याच टॉर्चना मागचं झाकण पाव फेरा सैल केलं तरी चालतं.

पाचवी गोष्ट, पाणी. आयपीएक्स-फोर म्हणजे नुसते शिंतोडे. आयपीएक्स-सेव्हन म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कोकणात सेव्हनच्या खाली जाऊच नका.

सहावी गोष्ट रंगाची, आणि ती मला खूप उशिरा कळली. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं ते या निळ्या एलईडीसाठी. त्यावर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड तयार करतात. स्वस्त एलईडीत लाल रंग फिका पडतो. ओल्या डांबरावर रक्त कुठलं आणि ऑइल कुठलं, कळत नाही. म्हणून सीआरआय ९० च्या पुढे असेल तर उत्तम. उजेड थोडा कमी मिळतो, पण दिसतं ते खरं दिसतं.

आणि हो, एकदम मंद मोडही हवा. अर्ध्या रात्री पेशंटच्या तोंडावर हजार ल्युमेन मारणं म्हणजे त्याला थप्पड मारण्यासारखंच. बाहुल्या तपासायला आमचे डॉक्टर वेगळी पेनटॉर्च वापरतात, तिथे ही मोठी नको.

माझी आत्ताची टॉर्च हाताच्या तळव्यात मावते. दोन हजारांच्या आसपास पडली. दर महिन्याच्या एक तारखेला सेल काढतो, झाकणाचे आटे पुसतो, चार्ज करतो. कंपनी कुठली ते विचारू नका, कारण पुढच्या वर्षी ते मॉडेल मिळणारही नाही. वर सांगितलेलं मात्र तेव्हाही कामाला येईल.

तुम्ही अँब्युलन्सवर नसाल. पण कोणी रात्रपाळीला असेल, कोणाचे बाबा वॉचमन असतील, कोणाच्या गावात पहिल्या पावसात लाइट जात असतील. मोबाईलचं चार्जिंग ११२ ला फोन लावण्यासाठी शिल्लक ठेवा. उजेडाचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्या.

आज रात्री एक करा. घरातली टॉर्च शोधा, दिवे घालवा, हात ओला करा आणि एका हाताने ती लावून बघा. लागली तर ठीक. नाही लागली तर बरंच झालं, घरातच कळलं. भेटू पुढच्या भागात!