फुलपाखरू, पतंग आणि नावाचे मोल

धारवाडहून पश्चिमेस कलघटगी-हळियाळच्या बाजूने निघाले की मलनाडची राने सुरू होतात. पूर्वेस हुबळी मागे टाकली की नवलगुंदाकडे कापसाची काळी जमीन पसरलेली दिसते. रान आणि शेत यांच्या सीमेवर वसलेल्या या जोडशहरात पावसाळा सरत आला म्हणजे दोन प्रकारचे पाहुणे येतात. दिवसा परसातल्या फुलांवर फुलपाखरे बागडतात आणि दिवेलागणीनंतर दिव्याभोवती पतंग घिरट्या घालू लागतात. पहिल्यांचे कौतुक होते, दुसऱ्यांना फडक्याने झटकले जाते. आणि दोहोंच्याही बालरूपाला, म्हणजे अळीला, दिसताक्षणी चिरडले जाते. या तिन्ही वागणुकींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ओळखीचा अभाव.

फुलपाखरे व पतंग हे कीटकांच्या एकाच गणातले. या गणाला शास्त्रज्ञ लेपिडॉप्टेरा, म्हणजे खवलेपंखी, असे म्हणतात. पाखराला धरले असता बोटांना जी रंगीत पूड लागते, ती म्हणजे पंखांवर कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले होत. अंडे, अळी, कोष आणि पाखरू या चार अवस्थांतून प्रत्येकाचे आयुष्य जाते. अळीचे काम खाणे आणि कात टाकीत वाढणे; पाखराचे काम जोडीदार शोधणे व वंश चालविणे. रेशमाचा पतंग तर कोषातून बाहेर पडल्यावर काहीच खात नाही; अळीपणी साठविलेल्या शिदोरीवरच त्याचे अल्प आयुष्य सरते.

अळीला सहसा वाटेल ती पाने चालत नाहीत. म्हणून मादी झाड पारखून अंडी घालते. काळ्या-पिवळ्या पंखांचे लिंबावरचे फुलपाखरू लिंबू व कढीलिंब निवडते. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि त्यामुळेच शत्रूच्या नजरेतून सुटते. केशरी पंखांचे 'प्लेन टायगर' नावाचे फुलपाखरू रुईवर अंडी घालते. रुईच्या चिकातील विष अळीच्या अंगात साठते, पुढे पाखरातही उतरते आणि पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत.

फुलपाखरू आणि पतंग यांत भेद कोणता? फुलपाखराच्या शृंगिकांची टोके गाठीसारखी फुगीर असतात. पतंगाच्या शृंगिका दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. फुलपाखरू विसावताना पंख पाठीवर मिटते, पतंग ते पसरून किंवा छपरासारखे उतरते ठेवतो. फुलपाखरू दिवसा उडते, पतंग रात्री. परंतु या प्रत्येक नियमाला अपवाद आहेत. 'ईव्हनिंग ब्राउन' हे तपकिरी फुलपाखरू संध्याकाळी बाहेर पडते व दिव्यावरही येते. उलट काही रंगीत पतंग भर उन्हात उडतात.

या अपवादांचा उलगडा वंशावळीत मिळतो. लिनियसने १७५८ मध्ये या गणाचे तीन भाग केले होते. त्यांपैकी एक फुलपाखरांचा व दोन पतंगांचे. आज या गणाच्या सुमारे १,६०,००० जाती ज्ञात आहेत आणि त्यांतील फुलपाखरे जेमतेम १९,००० भरतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार फुलपाखरे सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडात पतंगांपासूनच उत्पन्न झाली. तात्पर्य, फुलपाखरू हे पतंगांच्या विशाल वृक्षाची एक शाखा होय. दिवसा उडू लागलेली.

या शास्त्रात धारवाडच्या शेजारच्या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. उत्तर कानडा त्या काळी मुंबई इलाख्यात होता. तेथे कलेक्टर डेव्हिडसन, वनाधिकारी टी. आर. बेल आणि साताऱ्यात जन्मलेले, मीठ-जकात खात्यातील ई. एच. एटकन या तिघांनी जिल्ह्यातील फुलपाखरांचा अभ्यास केला. १८९६ पासून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केवळ पाखरे टाचून ठेवण्यावर त्यांनी समाधान मानले नाही. अळ्या त्यांच्या झाडाच्या पाल्यासह घरी आणायच्या, वाढवायच्या आणि कोषातून कोण निघते ते पाहायचे, ही त्यांची रीत. अळी व पाखरू यांची गाठ अशा चिकाटीनेच घालता येते. बेल निवृत्तीनंतर कारवारलाच राहिले आणि १९४८ मध्ये तेथेच वारले.

ही चिकाटी केवळ हौसेची बाब नव्हे, याची साक्ष काळ्या जमिनीतला शेतकरी देईल. गुलाबी बोंडअळी हीही एका लहानशा पतंगाचीच अळी. ती बोंडात शिरून सरकी खाते. एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा पतंगालाच गाठावे लागते. मादीच्या गंधावर नर लांबून येतो. रेशमाच्या पतंगाचा असा गंध जर्मनीत बुटेनांट यांनी १९५९ मध्ये सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींतून वेगळा काढला. त्याच तत्त्वावर आज कामगंध सापळे शेतात लावतात. पण सामान्यतः प्रत्येक जातीचा गंध निराळा. गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यात अमेरिकन बोंडअळीचा पतंग येणार नाही. नाव चुकले की सापळा रिकामा राहतो आणि पीक जाते.

२०१८ मध्ये याचा पुन्हा प्रत्यय आला. अमेरिकेतून आफ्रिकेत पोहोचलेली मक्यावरची लष्करी अळी त्या वर्षी भारतात प्रथम कर्नाटकात आढळली. आपल्याकडच्या जुन्या लष्करी अळीहून ती निराळी. डोक्यावरचे उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे चिन्ह आणि शेपटाकडील चौकोनात बसलेले चार ठिपके ही तिची खूण. ती पोंग्यात दडून बसते, म्हणून उपायही पोंग्यातच करावा लागतो. ते चार ठिपके पाहणारा डोळा नसता तर शत्रू कोण हेच उमगले नसते.

परसातल्या कढीलिंबावरची अळी चार पाने खाईल आणि पंधरवड्यात फुलांवर येईल. बोंडातली अळी वर्षाची कमाई नेईल. दोघी दिसायला अळ्याच. म्हणून मुलांनी अळी दिसताच ती चिरडण्याऐवजी तिच्या झाडाच्या पाल्यासह जाळीचे झाकण लावलेल्या बरणीत ठेवावी, रोज ताजा पाला घालावा आणि वाट पाहावी. सव्वाशे वर्षांपूर्वी कारवारकडे तीन अधिकाऱ्यांनी हेच केले होते. बरणीतून जे पाखरू निघेल त्याचे नाव शोधण्यापासून या शास्त्राचा पहिला धडा सुरू होतो.