साडूचा खडा आणि आपला खडा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मागील वर्षी याच मांडवात एका गृहस्थांनी मला विचारले, “डॉक्टर, माझ्या साडूचा मुतखडा यंत्राच्या लहरींनी एका दुपारी फुटला, माझाही तसाच फोडून द्याल काय?” साडूचा खडा हरभऱ्याएवढा. यांचा अडीच सेंटिमीटरांचा, आणि मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात बसलेला. एकाच घरच्या दोन जावयांस एकच उपाय लागू पडावा, असा निसर्गाशी कोणाचा करार झालेला नाही.

बाहेरून लहरी सोडून खडा फोडण्याचा उपाय, म्हणजे लिथोट्रिप्सी, १९८० साली म्यूनिक येथे प्रथम रुग्णावर योजण्यात आला. त्यात छेद नाही, म्हणून तो सर्वांस प्रिय. परंतु यंत्र खडा फोडते. चुरा बाहेर टाकणे हे शरीराचेच काम. खालच्या कप्प्यातील चुरा सहसा वर चढून येत नाही, आणि फार कठीण खडा नीट फुटत नाही. गर्भवतीस तर हा उपाय वर्ज्यच.

दोन सेंटिमीटरांहून मोठ्या खड्यास सामान्यतः पाठीतून लहानसे छिद्र पाडून दुर्बीण घालतात. स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी १९७६ साली हा मार्ग दाखविला. आज तो ‘पीसीएनएल’ या नावाने ओळखला जातो. रक्तस्रावाचे भय तिन्ही उपायांत यातच अधिक. पण मोठा खडा एकाच खेपेस निघण्याचा संभवही यातच अधिक. आमच्या गृहस्थांनी अखेर हाच पत्करला आणि चौथ्या दिवशी ते घरी गेले.

तिसऱ्या उपायात मूत्रमार्गानेच बारीक दुर्बीण वर नेऊन लेसरने खड्याची भुकटी करतात. मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्यास तो विशेष उपयोगी. त्यानंतर पुष्कळदा आत एक मऊ नळी, स्टेंट, काही दिवस ठेवतात. दुखणे थांबले की माणूस ती विसरतो. माझ्या पाहण्यातील एका वृद्ध बाईंच्या शरीरात ती दोन वर्षे राहिली. तिच्यावरच खडे चढले, आणि ती काढण्यास मूळच्याहून मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. नळी काढण्याची तारीख ना घरच्यांनी टिपून ठेवली, ना आम्ही आठवण दिली. तेव्हा ती तारीख घरातील दिनदर्शिकेवर त्याच दिवशी लिहावी.

आणि कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, तर यांतील कोणता उपाय बरा याची चर्चा करीत बसू नये. त्या वेळी तुंबलेले मूत्र प्रथम मोकळे करावे लागते, खड्याचे मागाहून पाहता येते. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.