शहाण्यानें पायरी चढावी काय?

'शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये' ही म्हण मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविली आणि तिचा अर्थ फळ्यावर लिहून दिला. निवृत्त झाल्यावर मात्र तो अर्थ मला स्वतःलाच पुन्हां शिकावा लागला. मी कायद्याचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक मास्तर. तेव्हां आज व्याख्यान नव्हे, एक अनुभव सांगणार आहें.

आमचें गांव चुडावा. पूर्णेहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें एक लहान स्थानक. आमची जमीन काळी. पाऊस पडला कीं पिकाच्या आधीं तण वर येतें, आणि खुरपणीला माणसें मिळणें दिवसेंदिवस कठीण. म्हणून पेन्शनीच्या शिलकेंतून मीं मुलासाठीं तण काढण्याचें एक लहान इंजिनाचें यंत्र घेतलें. त्यास सर्वत्र 'पॉवर वीडर' म्हणतात. किंमत साठ हजारांच्या आसपास. हमी एक वर्षाची.

जूनमध्यें यंत्र घरीं आलें. पावसाची उघडीप मिळेल तेव्हां मुलानें तें कापसांत आणि हळदींत चालविलें. सारा वापर अकरा तासांचा. पुढें तें गोठ्यांत झांकून ठेवलें. फेब्रुवारींत उसाच्या कामाला बाहेर काढलें, तों अर्ध्या तासांत गिअरबॉक्समधून खडखडाट झाला आणि यंत्र जागच्या जागीं थांबलें. आंतील एका चक्राचे दांते तुटले होते.

विक्रेत्यानें पेटी उघडून पाहिली आणि म्हटलें, "गुरुजी, ह्याला हमी लागू होत नाहीं." कारणें दोन. पहिलें, यंत्र फार चाललेलें दिसतें. तुम्ही तें भाड्यानें फिरविलें असावें. दुसरें, पहिली सर्व्हिसिंग मुदतींत झाली नाहीं. पहिलें कारण निराधार होतें. दुसरें मात्र खरें होतें. पुस्तिकेंत बारीक अक्षरांत छापलें होतें कीं, वीस तास अथवा तीन महिने, ह्यांपैकीं जें आधीं येईल तेव्हां इंजिनाचें तेल बदलून घ्यावें. मीं तास मोजले. महिने मोजले नाहींत. जन्मभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगणाऱ्या मास्तरानें स्वतःची पुस्तिका नीट वाचली नव्हती.

घरीं आल्यावर मुलानें एक वाट सुचविली. त्याच्या ओळखीचा एक मेकॅनिक मागील तारखेचा शिक्का मारून देण्यास तयार होता. श्रोतेहो, खोटें कशाला सांगूं? ती रात्र मीं त्याच विचारांत काढली. साठ हजार ही रक्कम आमच्यासारख्यांस लहान नव्हे. पण पहाटे एक गोष्ट ध्यानांत आली. माझ्या बाजूला जें खरें होतें, तें पुष्कळ होतें. एक खोटा शिक्का त्या साऱ्या खऱ्याला खोटें करून टाकील. मीं मुलाला सांगितलें, "चूक झाली ती झाली. ती आपण कबूल करूं. आणि मग विचारूं कीं, ह्या चुकीमुळेंच दांते तुटले काय?"

साऱ्या वादाचें मूळ ह्या प्रश्नांत होतें. तेल बदलावयाचें राहिलें तें इंजिनाचें. मोडलें तें गिअरबॉक्समधील चक्र. इंजिन जाम झालें असतें तर मीं मुकाट्यानें खर्च सोसला असता. मीं मोडकें चक्र विक्रेत्याकडून परत मागून घेतलें व पूर्णेच्या एका जाणत्या कारागिरास दाखविलें. गिअरबॉक्सचें तेल पुरेसें होतें. मोडलेल्या जागेचा एक भाग चकचकीत होता आणि एक भाग काळसर. तो म्हणाला, "चकचकीत भाग आतां मोडलेला, काळसर भाग म्हणजे जुनी चीर." ती चीर आमच्या चुकीनें कशी पडली, हें आतां सांगावयाचें काम त्यांचें होतें.

मीं कंपनीस रजिस्टर्ड पत्र लिहिलें. त्यांत चूक पहिल्याच ओळींत कबूल केली. शाळेंत जडलेल्या संवयीनें मी रोजच्या कामाची टिपणवही ठेवतों. तिच्या पानांच्या व पेट्रोलच्या पावत्यांच्या प्रती जोडल्या, आणि नकार लेखी व सकारण द्यावा, अशी विनंती केली. उत्तर आलें त्यांत भाड्याचा आरोप नाहींसा झाला होता. तोंडी नकाराला दहा कारणें असतात. कागदावर येतांना त्यांतलें एखादेंच टिकतें. सर्व्हिसिंगचें कारण तेवढें कायम होतें. चिरेविषयीं अवाक्षर नव्हतें.

आतां कायद्याविषयीं थोडें. छापील हमीपत्र हीच एकमेव हमी, असा आपला समज असतो. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणें, उलट करार नसेल तर, त्या मालाचा व्यापार करणाऱ्यानें वर्णनावरून विकलेला माल विकण्यायोग्य दर्जाचा असावा, हें न लिहितांही गृहीत असतें. पुण्यांत १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी ह्यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्यानें घेतली व तो जुलै २०२० मध्यें अमलांत आला. त्याअन्वयें ग्राहकास आपण राहतों त्याच जिल्ह्यांत तक्रार करतां येते. कंपनीच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत. मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर फी नाहीं. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. मुदत दोन वर्षांची. दोष तपासल्यावांचून ठरत नसेल तर आयोग वस्तु प्रयोगशाळेकडे पाठवूं शकतो. प्रारंभीं सल्ला हवा असेल तर १९१५ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करावा.

"यंत्रावर धंदा करणारा ग्राहक कसा?" अशीही शंका काढतात. सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यांत ह्याचा खुलासा केला आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठीं रिक्षा घेणारा मनुष्य ग्राहकच होय. मग स्वतःच्या शेतांत स्वतः यंत्र धरणारा शेतकरी निराळा कसा?

मीं परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे साध्या मराठींत तक्रार दिली. नोटीस गेल्यावर समेटाची बोलणी झाली. कंपनीनें गिअरबॉक्स विनामूल्य बदलून दिली. राहिलेल्या सर्व्हिसिंगचा व तेलाचा खर्च मीं दिला. ह्या साऱ्यांत सात महिने गेले. तो हंगाम आम्हीं मजुरीनें खुरपणी करून काढला, व ती भरपाई मिळाली नाहीं. म्हणजे मी सर्वस्वी जिंकलों, असें म्हणतां येणार नाहीं. पण समेटाच्या दिवशीं कंपनीचे प्रतिनिधि मला म्हणाले, "गुरुजी, तुम्हीं स्वतःची चूक आधींच लिहिलीत, त्यामुळें बाकीचें नाकारणें आम्हांस जड गेलें." हें ऐकत माझा मुलगा शेजारीं उभा होता. मला त्या गिअरबॉक्सपेक्षां तें अधिक मोलाचें वाटलें.

तेव्हां, श्रोतेहो, वस्तु घरीं आली कीं पुस्तिका त्याच संध्याकाळीं वाचा. तासांबरोबर महिनेही मोजा. पावती जपा, मोडका भाग परत मागा, नकार लेखी घ्या. इतकें करूनही दाद न मिळाली तर पायरीला भिऊं नका. म्हण खोटी नाहीं. पण ती भांडणाच्या हौसेनें पायरी चढणाऱ्यासाठीं आहे. आपलें चुकलें तें कबूल करून उरलेलें मागणाऱ्याला ती लागू नाहीं, एवढें तिच्या अर्थाखालीं मी आतां फळ्यावर लिहीन.