‘ठाऊक नव्हतें’ याचें इंग्रजी

पूर्वींच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांत, राळेगणसिद्धी हें गांव आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं तेथें नाले अडविले, पाझर तलावाची दुरुस्ती केली, झाडें लाविलीं. आणि तें काम पाहण्यासाठीं देशोदेशींचे लोक तेथें येऊं लागले. अशी कल्पना करावी कीं, त्यांपैकीं एक विलायती बाई तलावाच्या काठीं उभी आहे व गांवांतला एक शाळकरी मुलगा तिला वाट दाखवीत आहे. हा तालुका अवर्षणाचा, असें कोणी तिला सांगतो. बाई आश्चर्यानें म्हणते, ‘आय डिडन्ट नो द रेनफॉल वॉज सो लो हिअर.’ मुलगा चटकन् उत्तर देतो, ‘नो मॅडम, इट इज स्टिल लो!’ बाई क्षणभर गोंधळून त्याच्याकडे पाहते. पाऊस आतां वाढला आहे, असें तिनें म्हटलें तरी केव्हां होतें?

मुलाच्या कानीं ‘वॉज’ पडला आणि त्यानें त्याचा अर्थ ‘होता’ असा घेतला. त्यानें गांवची बाजूच राखिली म्हणावयाची; कारण राळेगणची सारी कहाणी पाऊस वाढल्याची नसून, पडतो तेवढा अडविल्याची आहे. परंतु बाईचें बोलणें मराठींत आणिलें तर तें ‘इथें पाऊस इतका कमी पडतो हें मला ठाऊक नव्हतें’ असें होईल. ‘पडतो’ हा शुद्ध वर्तमानकाळ!

मराठी वाक्यांत प्रत्येक क्रियापद आपआपला काळ सांभाळून असतें. ‘तूं इथें आहेस हें मला ठाऊक नव्हतें’ या वाक्यांत अज्ञान होतें तें मागचें, म्हणून ‘नव्हतें’. माणूस उभा आहे तो आतां, म्हणून ‘आहेस’. इंग्रजींत तसें नाहीं. मुख्य क्रियापद भूतकाळांत गेलें कीं तें पाठच्या वाक्यालाहि हात धरून ओढून नेतें, आणि समोर उभ्या असलेल्या माणसालाच इंग्रज म्हणतो, ‘आय डिडन्ट नो यू वेअर हिअर.’ शाळेचें व्याकरण येथें एक अपवाद सांगतें कीं, त्रिकालाबाधित सत्य असेल तर वर्तमानकाळ ठेवावा. तो अपवाद खोटा नव्हे. पण घरगुती बोलण्यांत ‘डिडन्ट नो’च्या पाठीमागें अशा सत्यालाहि बहुधा भूतकाळाचाच अंगरखा चढतो. ‘आय डिडन्ट नो व्हेल्स वेअर मॅमल्स’ असें इंग्रज मुलगी म्हणते, तेव्हां देवमासा सस्तन प्राण्यांच्या वर्गांतून नांव काढून गेला, असें कोणी समजत नाहीं.

आमच्या मुलांचें अडतें कोठें? त्यांच्या तोंडीं पुष्कळदां जें वाक्य येतें तें असें: ‘आय डिड नॉट न्यू यू आर हिअर.’ यांत भूतकाळ नको तेथें आला आहे आणि हवा तेथून गेला आहे. दोन्ही चुका मराठीच्या वळणाच्या आहेत. ‘गेला’ याचा नकार ‘गेला नाहीं’. येथें ‘गेला’ जागचा हालत नाहीं, नकार मागून येऊन बसतो. म्हणून मूल ‘वेंट’ला हात न लावतां ‘डिड नॉट वेंट’ म्हणतें. शिवाय आमचा नकार स्वतःच चालतो, बदलतो: नाहीं, नाहींस, नाहींत, नव्हता, नव्हती, नव्हतें. इंग्रजी ‘नॉट’ कशानेंहि बदलत नाहीं. म्हणून काळाचें ओझें वाहावयास त्याला ‘डिड’ नांवाचा हमाल करावा लागतो. हमालानें ओझें उचललें कीं धन्याचे हात मोकळे. ‘न्यू’चें ‘नो’ होतें, ‘वेंट’चें ‘गो’. मुलांना फार हंसूं नये. चारशें वर्षांपूर्वींचे इंग्रज ‘आय न्यू नॉट’ असें सर्रास म्हणत. हा हमाल तेव्हां ऐच्छिक होता.

‘थिंक’ची तऱ्हा थोडी निराळी. पाहुणा दारांत आल्यावर ‘आय डिडन्ट थिंक यू वुड कम’ म्हणतात. तेथें मराठी ‘तूं येशील असें वाटलें नव्हतें’ सरळ जुळतें. नकार काढून ‘आय थॉट यू वेअर इन पुणे’ म्हटलें, तर गृहस्थ पुण्यास नाहीं हें बहुधा कळून चुकलेलें असतें. पण ‘डिडन्ट नो’च्या पाठीमागें येणारी गोष्ट बोलणारा खरी धरूनच चालतो. म्हणून तेथील काळ चुकला तर प्रकरण जड जातें.

महाराष्ट्रांतील तालुका व जिल्हा न्यायालयांचें काम पुष्कळसें मराठींत होतें, मुंबई उच्च न्यायालयाचें इंग्रजींत. अपील वर गेलें कीं साक्षीचें भाषांतर आलेंच. शेतकरी म्हणतो, ‘जमीन भावाच्या नांवावर आहे हें मला ठाऊक नव्हतें.’ भाषांतरकार लिहितो, ‘आय डिड नॉट नो द लँड वॉज इन माय ब्रदर्स नेम.’ इंग्रजी निर्दोष आहे. पण मराठी मनाचा वकील तें वाचतो आणि विचारतो, होती, मग नांवावरून गेली केव्हां? फेरफार कोठें आहे? सातबारा तर तोच! उलट शेतकऱ्यानें ‘होती’ म्हटलें असेल, जमीन पूर्वीं नांवावर असून पुढें विकली गेली असेल, तर इंग्रजींत ‘हॅड बीन’ हवें; तेथेंहि ‘वॉज’ लिहिला तर दोन निराळ्या साक्षींची एकच साक्ष झाली. ‘अद्यापि’ किंवा ‘त्या पूर्वीं’ हा शब्द पदरचा घालण्याचा अधिकार भाषांतरकारास नाहीं. तो साक्षीदार पिंजऱ्यांत उभा आहे तोंवर त्याच्याच तोंडून काढून घेतला पाहिजे, आणि तें काम वकिलाचें.

मराठी शाळांत इंग्रजी पूर्वीं पांचवीपासून असे. २००० सालापासून ती पहिलीपासून आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना नियम पाठ असत, तरी बोलतांना जीभ ‘आर’कडेच वळे. त्यापेक्षां गुरुजींनीं ‘डिडन्ट नो’ आणि ‘वॉज’ एका श्वासांत म्हणवून घ्यावेत. ‘तुझें घर शाळेजवळ आहे हें मला ठाऊक नव्हतें,’ याचें इंग्रजी वर्गांत घोळवावें: ‘आय डिडन्ट नो युवर हाउस वॉज निअर द स्कूल.’ आणि लगेच त्याच मुलाला विचारावें, आतां घर कोठें आहे? तो म्हणेल, ‘तिथेंच कीं, गुरुजी!’