कागद एप्रिलमध्ये, फॉर्म वेळेत: मुलींच्या कॉलेज प्रवेशाबद्दल चार गोष्टी

(महासंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केल्यामुळे जसंच्या तसं देत आहोत.)



दर महिन्याला मी तुमच्या गटात येते तेव्हा बचत, हप्ता, रजिस्टर हेच बोलते. आज वेगळं बोलणार आहे. आधी एक कबुली देते. ती माझ्या आईच्या वतीने आहे.

आमच्या गावच्या गटाच्या जुन्या रजिस्टरमध्ये माझ्या आईच्या नावावर ९,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज आहे. कारण लिहिलंय ‘शेळी खरेदी’. व्याज दोन रुपये शेकडा, मुद्दल महिन्याला ५०० प्रमाणे अठरा हप्त्यांत फेडलेलं. पण आमच्या दावणीला शेळी कधी आलीच नाही. ते पैसे माझ्या कॉलेजच्या फीला गेले.

झालं असं. मी बीएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते. शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर भरला आणि निवांत बसले. फॉर्म भरला म्हणजे काम झालं, असं मला वाटलं. फॉर्मला मी उत्पन्नाचा दाखला जोडला होता तो मुदत संपलेला. कॉलेजने अर्ज दुरुस्तीसाठी माझ्याकडे परत पाठवला. पोर्टलवर ‘सेंड बॅक’ असं दिसत होतं. मी दोन महिने लॉगिनच केलं नाही. बघितलं तेव्हा शेवटची तारीख होऊन गेली होती. त्या वर्षाची शिष्यवृत्ती बुडाली आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी फी भरा म्हणून निरोप आला.

आई गटाकडे गेली. आता म्हणाल, खरं कारण का नाही सांगितलं? त्या वेळी आमच्या गटात आजारपणाला, घराला, जनावराला कर्ज मिळायचं. पोरीच्या कॉलेजला कर्ज मागितलं असतं तर, “लग्नाला लागतील ते पैसे, शिकून काय करायचंय?” असं कोणीतरी म्हणालंच असतं. म्हणून शेळी. रजिस्टरमध्ये खोटं कारण लिहिणं चूकच, तुम्हाला मी तसं कधी करू देणार नाही. पण आईवर ती वेळ का आली, याचा विचार आज आपण करूया. शेवटी मी तुमच्याकडे एक ठराव मागणार आहे, तो त्यासाठीच.

आधी कामाचं. लक्ष देऊन ऐका, लिहिता येत असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट: कागद.

आपल्याकडे निकाल लागला की धावपळ सुरू होते. जूनमध्ये सेतूवर रांग, सर्व्हर डाऊन, तलाठी भाऊसाहेब दौऱ्यावर. म्हणून कागदाचं काम एप्रिल-मे महिन्यात उरका. बारावीत मुलगा-मुलगी असेल त्या घरात हे कागद लागतात: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी म्हणजे डोमिसाईल, जातीचा दाखला, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी किंवा एसईबीसी असाल तर नॉन-क्रीमीलेयर, दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार. मध्ये एखादं वर्ष शिक्षण सुटलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

उत्पन्नाच्या दाखल्यावर तो कोणत्या तारखेपर्यंत चालतो ते छापलेलं असतं. ती तारीख वाचा. मी वाचली नव्हती.

या दाखल्यांसाठी जी प्रतिज्ञापत्रं लागतात त्यांना स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतात. ५०० रुपयांचा स्टॅम्प आणा असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका, विचारा. आणि सेवा केंद्रात पैसे दिले की पावती घ्या.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे जात पडताळणी, ज्याला आपण व्हॅलिडिटी म्हणतो. राखीव जागेवर इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग अशा व्यावसायिक कोर्सला जायचं तर ती लागते. त्यासाठी वडिलांच्या बाजूचे जुने पुरावे मागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचे आणि ओबीसी, एसबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली उतारा. हे शोधायला महिने जातात. म्हणून पोरगी अकरावीत गेली की सासऱ्यांची शाळा कोणती होती ते विचारायला लागा. घरात कोणाची, दिराची, चुलत दिराची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर ती पण जोडा, काम सोपं होतं.

आणि नाव. आधारवर एक, गुणपत्रिकेवर दुसरं, बँकेत तिसरं, असं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा. एका अक्षराने अर्ज परत येतात.

दुसरी गोष्ट: प्रवेश आणि नोंदणी.

बीए, बीकॉमला बहुतेक ठिकाणी बारावीनंतर थेट कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंदणी होते. पण बऱ्याच कोर्सला सीईटी द्यावी लागते, आणि सीईटीचे फॉर्म निकालानंतर नाही, आधीच निघतात. २०२४ पासून बीबीए, बीसीएलाही सीईटी आहे. मागच्या वर्षी एका गावात चार मुली निकालानंतर बीसीएला जायचं म्हणून निघाल्या आणि त्यांना तिथे गेल्यावर हे कळलं. चौघी हुशार होत्या. त्यांना वेळेवर कोणी सांगितलं नव्हतं, एवढीच त्यांची चूक.

सीईटीनंतर कॅप फेऱ्या होतात, म्हणजे सरकारमार्फत केंद्रीय प्रवेश. कॅपमधून मिळालेली जागा आणि व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा यात फार फरक आहे. फी माफीच्या योजना कॅपच्या जागेला लागतात. “ताई, कशाला फेऱ्यांची वाट बघता, आत्ता पैसे भरा, जागा पक्की,” असं कोणी म्हणालं तर एकच प्रश्न विचारा: “ही जागा कॅपची आहे का?” उत्तर कागदावर मागा.

प्रवेश झाला की विद्यापीठाकडे नोंदणी होते, पीआरएन नंबर मिळतो. दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आलेल्यांना पात्रता अर्ज आणि मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो. हजेरी लागली म्हणजे परीक्षेला बसता येईल असं नाही. हे तारखांचं काम आहे, जसं आपलं हप्त्याचं.

तिसरी गोष्ट: पैसे.

ताईंनो, ही गोष्ट घरोघरी सांगा. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक कोर्सच्या मुलींसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. कोणाला? आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुली, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्तांसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आधीपासून आहेच. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. हे सगळे अर्ज महाडीबीटीवर होतात.

राहण्या-जेवणाचं काय? सरकारी वसतिगृहाचा अर्ज आधी करा. जागा नाही मिळाली तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. नाव लिहून घ्या आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती क्लार्कला नाव घेऊन विचारा. “काही मिळतं का हो?” असं विचारलं तर “बघू” असं उत्तर येतं. नाव घेऊन विचारलं तर पटकन उत्तर मिळतं.

अर्ज कसा चालतो ते समजून घ्या. मुलगी अर्ज भरते, मग कॉलेज तपासतं, मग त्या त्या सरकारी विभागाचं कार्यालय तपासतं, मग मंजुरी, मग पैसे. कुठेही चूक सापडली की अर्ज परत. म्हणून दर आठवड्याला, आपल्या गटाची बैठक असते त्या दिवशी, पोरीला मोबाइलवर लॉगिन करायला लावा. पासवर्ड नेट कॅफेवाल्याच्या वहीत नको, घरच्या वहीत हवा. नोंदणीचा मोबाइल नंबर घरचाच हवा, ओटीपी त्यावर येतो. आणि दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी भरला, आता तीन वर्षं येत राहील, असं नसतं. हजेरीही ७५ टक्के ठेवायला सांगा.

आता बँक. शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यात येते. कोणत्या? पासबुक दाखवलं त्यात नाही, तर डीबीटीसाठी आधार ज्या खात्याला शेवटचं सीड झालंय त्यात. एका मुलीचे पैसे आलेच नाहीत म्हणून घरचे वर्षभर कॉलेजला बोल लावत होते. पैसे शाळेत असताना उघडलेल्या जुन्या खात्यात पडून होते. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघता येतं. आपल्या बँक सखीला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

जे शुल्क सरकार देणार आहे ते पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा सरकारच्या सूचना आहेत. तरी मागितलं तर भांडू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि समाजकल्याण किंवा संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयात तो कागद घेऊन जा. एकटीने जायला भीती वाटत असेल तर ग्रामसंघाच्या दोघी सोबत जा. बँकेत आपण अशाच गेलो होतो की नाही पहिल्यांदा?

एवढं करूनही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे जमीन-घर तारण लागत नाही. कोर्स संपल्यानंतर वर्षभराने हप्ते सुरू होतात. सावकाराकडे जायच्या आधी बँकेत जा.

चौथी गोष्ट: सुना.

मुलींचं बोलले की सगळ्या माना हलवतात. सुनांचं बोलू का? आपल्या गटांत बारावी पास होऊन लग्न झालेल्या किती सुना आहेत, मोजा जरा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे ते अशांसाठीच. इग्नू पण आहे. घर, शेत, लेकरं सांभाळून बीए, बीकॉम होता येतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र लागतं. जातीचा दाखला मात्र माहेरचा, वडिलांच्या बाजूचाच चालतो. तेव्हा सासूबाई, सुनेला दोन दिवस माहेरी कागद आणायला पाठवा. ती रुसून चालली असं समजू नका!

आता ठराव. मला तीन गोष्टी हव्यात.

एक, प्रत्येक गटाने अंतर्गत कर्जाच्या कारणांत ‘उच्च शिक्षण’ हे कारण उघडपणे मान्य करावं. शिष्यवृत्ती मागाहून येते आणि फी आधी मागतात, त्या मधल्या दिवसांसाठी.

दोन, एप्रिलची एक बैठक फक्त कागदांची. गावातल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींची यादी काढायची, कोणाकडे काय नाही ते लिहायचं.

तीन, प्रत्येक ग्रामसंघात शिकलेली एक मुलगी ‘फॉर्म ताई’ म्हणून नेमायची, तिला थोडं मानधन द्यायचं. पोर्टल कसं बघायचं ते मी शिकवीन.

जाता जाता शेळीचं राहिलं. कर्ज घेतल्यावर महिन्याभराने आमच्या गटाच्या कोषाध्यक्ष मावशी शेळी बघायला घरी आल्या. नियमच होता तसा. आई काही बोलेना. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. मावशींनी गोठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, रजिस्टर मिटलं आणि म्हणाल्या, “हप्ता चुकवू नको म्हणजे झालं.” त्यांनी तो विषय परत कधी काढला नाही. गेल्या जूनमध्ये त्याच मावशी नातीचे कागद घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. नात नर्सिंगला लागली आहे. तिच्यासाठी त्यांनी गटातून कर्ज घेतलं तेव्हा स्वतःच्या हाताने कारण लिहिलं: ‘नातीचं शिक्षण’.

ठरावाच्या बाजूने आहेत त्यांनी हात वर करा. आणि सह्या केल्याशिवाय चहाला उठू नका.