तळपायांची आग आणि बी-१२

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग सुरू होते, बोटांना मुंग्या येतात, पांघरूणसुद्धा टोचतं. घरचे म्हणतात, वय झालं. पण सगळं वयावर ढकलू नका. जोडीला थकवा, धाप, फिकटपणा असेल तर रक्त तपासून घ्याच.

बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने घटतात, आकाराने मोठ्या होतात. नसांवरचं आवरणही झिजतं. म्हणजे पंडुरोग आणि पायांची आग, दोन्हींचं मूळ एकच असू शकतं. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटणातून मिळतं. भाजी-भाकरीत ते नसतं. उतारवयात जठरातलं आम्ल घटलं की त्याचं शोषणही घटतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर तपासणी विसरूच नये.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. बी-१२ कमी असताना नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन सुधारतं, माणूस निर्धास्त होतो आणि आत नसांची हानी चालूच राहते. म्हणून मनाने गोळ्या घेऊ नका. योग्य उपचारांनी रक्त काही आठवड्यांत सावरतं, नसांना महिने लागतात. जुनं दुखणं थोडं उरतंही.

तोवर पाय जपा. बधिर पायाला शेकाच्या पिशवीने भाजलं तरी कळत नाही. पाणी आधी कोपराने पाहा, घरातही चप्पल घाला, तळवे रोज कुणाकडून तरी तपासून घ्या. वेदनेवरच्या काही गोळ्यांनी झापड येते. म्हणून रात्री उठताना आधी दिवा लावा, मगच पाय खाली ठेवा.